‘निधी मंजूर’ची पोस्ट आली, पण रस्ता कुठवर आला?

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी असं बॅनर येतंच. नेत्याचा हसरा फोटो, मागे सिमेंटचा चकाचक रस्ता (तो आपल्या गावचा नसतोच) आणि मोठ्या अक्षरात ‘भाऊंच्या प्रयत्नांना यश, रस्त्यासाठी 2 कोटी मंजूर’. खाली लगेच हात जोडलेल्या खुणा, फुलं, ‘आभार भाऊ’. आणि त्याच रस्त्यावर पावसाळ्यात दुधाचे कॅन लावलेली गाडी ढकलत न्यावी लागते.

भाऊ खोटं बोलतात का? बहुतेक वेळा नाही. सगळा खेळ ‘मंजूर’ या शब्दात आहे.

सरकारी कामात मंजुरी एकदाच मिळत नाही. आधी प्रशासकीय मान्यता लागते. म्हणजे हे काम करायचं आणि त्याला अंदाजे इतका खर्च येईल, एवढं कागदावर ठरतं. मग इंजिनिअर अंदाजपत्रक तपासतात, ती तांत्रिक मान्यता. त्यानंतर निविदा निघते, ठेकेदार ठरतो आणि शेवटी त्याच्या हातात कार्यारंभ आदेश पडतो. काम सुरू करायचा खरा कागद हा शेवटचा. पोस्ट मात्र पहिल्याच पायरीवर येते. कधी तर त्याच्याही आधी, नुसतं मागणीचं पत्र मंत्र्यांच्या हातात देतानाचा फोटो टाकून. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत कामाचं नाव छापून आलं, तरी त्यापुढे किती रुपयांची तरतूद आहे ते बघावं लागतं. काम कोटीचं आणि तरतूद जेमतेम, असंही असतं.

आदेश निघाला तरी काम पुरं होईलच याचा भरवसा नाही. 2025 मध्ये राज्यभरातल्या ठेकेदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. बिल निघत नसेल तर ठेकेदार खडी टाकून निघून जातो. ती खडी वर्षभर कुणाच्या टायरखाली येते ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून एकाच रस्त्याच्या चार-चार पोस्ट होतात. पत्र दिलं, मंजुरी मिळाली, भूमिपूजन झालं, लोकार्पण झालं. दोन गटांचे नेते असतील तर आठ. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला वाटतं, नवीन काहीतरी आलं. प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या पोरांना यात दोष देऊन उपयोग नाही, त्यांना रोज काहीतरी टाकायचंच असतं. त्या पोस्टमध्ये आदेशाचा नंबर आणि तारीख का नसते, हे मात्र विचारायला हवं.

विचारायचं कुठं, हीच खरी अडचण आहे. 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. सर्वसाधारण सभेत उठून ‘त्या रस्त्याचं काय झालं’ म्हणणारा सदस्यच उरला नाही. ती जागा रील आणि बॅनरने भरली. ग्रुपवर विचारावं तर बऱ्याच ठिकाणी ‘फक्त अॅडमिनच मेसेज पाठवू शकतात’ अशी सेटिंग केलेली असते. पूर्वी दवंडी देणाऱ्याला निदान चावडीवर थांबवून दोन शब्द विचारता तरी यायचे.

बरं, आपलं बोलणं तिकडे जात नाही, पण आपला नंबर बरोबर जातो. शिबिरात, योजनेचा फॉर्म भरताना, आरोग्य तपासणीला आपण मोबाईल नंबर लिहून देतो. काही महिन्यांनी त्याच नंबरवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि निवडणुकीत रेकॉर्ड केलेला आवाज येऊ लागला, तर तो नंबर कुठून गेला असा प्रश्न पडणारच. दिल्लीच्या पातळीवरही नंबरांचा प्रश्न निघाला होता. 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि त्यानंतरही ‘विकसित भारत संपर्क’ नावाच्या खात्यावरून पंतप्रधानांचं पत्र लोकांच्या व्हॉट्सअॅपवर येत राहिलं. 21 मार्चला निवडणूक आयोगाने इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला ते थांबवायला सांगितलं. मेसेज आधीच पाठवले होते, तांत्रिक कारणाने काही उशिरा पोचले, असं मंत्रालयाचं म्हणणं. पण इतक्या लोकांचे नंबर कुठून घेतले, हा प्रश्न तेव्हा विरोधकांनीही विचारला होता.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू करायला त्यात 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोवर गावात तरी एवढं करता येईल: फॉर्म घरी येऊन भरून घेणारा माणूस तलाठी कार्यालयाचा आहे, अंगणवाडीताई आहे की पक्षाचा कार्यकर्ता, हे बघून मगच नंबर आणि आधारची झेरॉक्स द्यायची.

आता रस्त्याचं. आधी रस्ता कुणाचा ते शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आमदार-खासदार निधीतलं काम लोकप्रतिनिधी सुचवतात, पण मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते. एकदा कार्यालय कळलं की माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. अर्जात ‘रस्ता कधी होणार’ असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक आणि आजवर दिलेल्या बिलांच्या प्रती मागा. अर्ज उपलब्ध कागदांच्या प्रतींसाठी असतो, वादासाठी नाही.

काम ग्रामपंचायतीचं असेल तर ग्रामसभा आहेच. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रश्न तोंडी न विचारता लेखी द्या, पोच घ्या आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला का ते सही करण्याआधी वाचून बघा. ग्रामपंचायतीने कुणाला किती पैसे दिले हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आणि ‘मेरी पंचायत’ अॅपवर मोबाईलवरच दिसतं.

पुढच्या वेळी ‘मंजूर’चं बॅनर आलं आणि ग्रुप खुला असेल, तर हात जोडायच्या आधी खाली एवढंच टाकून बघा: ‘भाऊ, अभिनंदन. कार्यारंभ आदेशाचा फोटो टाकता का?’