दगशाईचा डेली आणि टिपररीचा ओडवायर

2025 च्या उन्हाळ्यात डब्लिन परिसरात भारतीयांवर एकामागून एक हल्ले झाले. आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली, आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर निषेध केला. त्या काळात दोन्हीकडच्या समंजस माणसांनी एकच दाखला दिला: आपण दोघेही इंग्रजांच्या टाचेखाली भरडले गेलो, आपले नाते जुने आहे. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, त्या देशाचा पंतप्रधान झाला तेव्हाही हेच ऐकू आले होते. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण हे जुने नाते प्रत्यक्षात कसे होते, ते पाहायचे तर आपल्या थंड हवेच्या ठिकाणांकडे पाहावे लागते. तिथे जे दिसते त्यात भाऊबंदपणा आहे आणि मालकीही आहे.

आधी भाऊबंदपणा. 28 जून 1920 रोजी जालंधरच्या छावणीत कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीच्या काही शिपायांनी हत्यारे खाली ठेवली. मायदेशी ब्रिटिशांचे ‘ब्लॅक अँड टॅन्स’ पोलीस जो धुमाकूळ घालत होते तो थांबल्याशिवाय आम्ही चाकरी करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढाऱ्यांपैकी जोसेफ हॉज रजेवर क्लेअर परगण्यात गेला होता. तिथे हर्लिंग या आयरिश खेळाचा साधा सामनासुद्धा संगिनी रोखून बंद पाडलेला त्याने पाहिला होता. जालंधरहून दोघे जण निरोप घेऊन सिमल्याच्या वाटेवरच्या सोलनला पोचले. तिथल्या तुकडीचे नेतृत्व जेम्स डेली या विशीतल्या शिपायाने घेतले. बंडवाल्यांनी बाजारातून कापड आणून हिरवा-पांढरा-नारिंगी झेंडा शिवला आणि एका बंगल्याला ‘लिबर्टी हॉल’ नाव दिले. 1 जुलैच्या रात्री ते संगिनी घेऊन शस्त्रागारावर चालून गेले. गोळीबारात दोघे मेले. खटला जवळच्या दगशाईत चालला. चौदा जणांना देहदंडाची शिक्षा झाली, बाकीच्यांची कमी झाली, डेलीची मात्र कायम राहिली. 2 नोव्हेंबर 1920 रोजी दगशाईच्या तुरुंगात त्याला गोळ्या घातल्या. लष्करी बंडाबद्दल देहदंड झालेला तो ब्रिटिश सैन्यातला शेवटचा शिपाई. 1970 मध्ये त्याचे अवशेष आयर्लंडला नेऊन वेस्टमीथ परगण्यातल्या टिरेल्सपास या त्याच्या गावी पुरले.

या धैर्याबद्दल आदर वाटायलाच हवा. तरी हे बंड आयर्लंडसाठी होते, भारतासाठी नव्हते. जालियनवाला बागेला तेव्हा जेमतेम चौदा महिने झाले होते आणि ही पलटण त्याच पंजाबात होती. तरी बंडवाल्यांच्या मागण्यांत अमृतसर नव्हते. आयर्लंडमध्ये इंग्रज जे करतात तेच आपण इथे करतो आहोत, ही जाणीव हॉजच्या आठवणींत आढळते आणि ती मोलाची आहे. पण तिच्यावरून डेलीला भारताच्या स्वातंत्र्याचा हुतात्मा ठरवणे म्हणजे त्याच्या तोंडी आपली वाक्ये घालणे.

आता मालकी. डोनेगलच्या कुल्डाफ गावचा फ्रेडरिक यंग कंपनी सरकारच्या फौजेत आला. 1815 मध्ये त्याने गुरख्यांची सिरमूर पलटण उभारली आणि 1820 च्या दशकात मसुरीच्या डोंगरावर पहिली वस्ती केली. लंढौरमधल्या आपल्या घराला त्याने नाव दिले मलिंगार. हे वेस्टमीथमधले मोठे गाव, डेलीच्या टिरेल्सपासपासून सुमारे 20 किलोमीटरवर. एकाच परगण्याची आठवण हिमालयात एकदा मालकाच्या घरावर कोरली गेली आणि सुमारे दीडशे वर्षांनी बंडखोराच्या थडग्यातून परत गेली. यंगनंतरची यादी लांबलचक आहे. 1864 मध्ये सिमल्याला उन्हाळी राजधानीचा दर्जा देणारा जॉन लॉरेन्स अल्स्टरच्या घराण्यातला, डेरीच्या फॉयल कॉलेजात शिकलेला. सनावरची शाळा त्याच्या भावाची, हेन्रीची. सिमल्याचा व्हाइसरीगल लॉज 1888 मध्ये पुरा झाला तेव्हाचा व्हाइसरॉय डफरिन हा काउंटी डाउनमधला जमीनदार, आणि इमारतीचा वास्तुविशारद हेन्री अर्विनही आयरिशच. मुळात ही गावे वसवण्याचे एक मोठे कारण गोऱ्या शिपायांचे मरण हे होते. 1863 च्या शाही आयोगाने त्यांचा मृत्युदर हजारी 69 असा मांडला आणि फौजेचा मोठा हिस्सा डोंगरावर ठेवण्याची शिफारस केली. 1830 च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात दहातले चार जण आयरिश होते. म्हणजे दगशाई, कसौली, लंढौर ही आयरिश शिपायांचा जीव वाचवण्याचीही ठिकाणे होती. तिथवर त्यांचे सामान पहाडी हमालांच्या पाठीवरून चढायचे.

यावर आयर्लंडमधून ठरलेले उत्तर येते: यंग, लॉरेन्स, डफरिन हे खरे आयरिश नव्हेत, ते इंग्रजधार्जिणे प्रॉटेस्टंट जमीनदार, कॅथलिक जनतेशी त्यांचा काय संबंध? या उत्तरात तथ्य आहे. याच वर्गाने आयरिश कुळांना नाडले. पण मग सर मायकेल ओडवायर याचे काय करायचे? जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा हा लेफ्टनंट गव्हर्नर टिपररीतल्या कॅथलिक जमीनमालक कुटुंबात जन्मला होता. डायरच्या गोळीबाराची त्याने शेवटपर्यंत पाठराखण केली. खुद्द डायर मरी या थंड हवेच्या गावात जन्मला, सिमल्याच्या बिशप कॉटन शाळेत शिकला आणि पुढे कॉर्कच्या मिडलटन कॉलेजात. ओडवायर आणि डायर दोघांचाही जन्म 1864 चा, सिमला राजधानी झाली त्याच सालचा. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही; पण साम्राज्याच्या कारभारात धर्माची भिंत किती पातळ होती ते ओडवायरच्या कारकिर्दीवरून कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आयरिश शिपाई भुकेपोटी भरती झाला, त्याला मालक म्हणणे हा अन्याय, असे म्हणता येईल. मान्य. 1845 नंतरच्या दुष्काळात दहा लाख माणसे मेली, त्या देशातल्या पोराने रोजच्या शिलिंगसाठी लाल कोट घातला तर त्याला दोष कोण देणार? पण हीच सवलत मग आपल्यालाही घ्यावी लागेल आणि तिची किंमतही मोजावी लागेल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेले मराठे पोटासाठीच गेले होते, आणि ज्यांचा मुलूख त्यांनी तुडवला त्या लोकांना त्यांच्या पोटाशी कर्तव्य नव्हते. गरिबीने माणसाला माफी मिळते, त्याच्या हातून घडलेले पुसले जात नाही. आयरिश आणि मराठी शिपाई एकमेकांना खरोखर जवळचे असतील तर याच अवघड जागी.

हे आता उकरून काढायचे कशाला, असेही कुणी विचारेल. मार खाणाऱ्या माणसाला आज मित्र हवेत. पण ‘तुम्हीही आमच्यासारखेच सोसले’ या दाखल्यावर उभी राहिलेली सहानुभूती फार टिकत नाही. डब्लिनमधल्या परिचारिकेला किंवा टॅक्सीवाल्याला सुरक्षितता हवी ती तिथला रहिवासी म्हणून, पूर्वजांच्या दुःखाचा दाखला दाखवून नव्हे. शिवाय हा इतिहास लपलेलाही नाही. डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये 62 मीटर उंचीचा वेलिंग्टन स्तंभ उभा आहे. आपल्याला असईच्या लढाईतून माहीत असलेला आर्थर वेलस्ली तो हाच, जन्माने डब्लिनचा. स्तंभाच्या पायथ्याला कांस्याची शिल्पफलके आहेत, त्यांपैकी एक त्याच्या हिंदुस्थानातल्या लढायांचे आहे. स्वतंत्र आयर्लंडने ते हटवले नाही, आणि ठीकच केले.

आपल्याकडे महाबळेश्वरात आर्थर, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन ही नावे आपण सहलीच्या उत्साहात घेतो. पण गव्हर्नर माल्कमने ही जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून 1829 च्या करारात मिळवली आणि दहाच वर्षांत इंग्रजांनी त्याच महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले, हे सहसा कुठल्या पॉइंटवर सांगितले जात नाही. दगशाईच्या तुरुंगाचे आज संग्रहालय झाले आहे, तिथे डेलीची आठवण आहे, हे उत्तम. आयर्लंडमधली मराठी मंडळी आणि तिथले इतिहासप्रेमी यांनी पुढच्या वेळी एकत्र कार्यक्रम केला तर डेलीच्या तसबिरीशेजारी ओडवायरचीही लावावी, आणि यंगच्या मलिंगारचा फोटो त्या दोघांच्या मधे.