करुणेला ज्ञानाची जोड

उसाच्या फडात बिबट्या दिसला की गावाची पहिली मागणी पिंजऱ्याची असते. पिंजरा लागतो, जनावर अडकते आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडले जाते. गावाचे भय टळले आणि मुका जीवही वाचला, असे समाधान सर्वांनाच लाभते. या समाधानाची कसून परीक्षा घेण्याचे कार्य वन्यजीव-अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांनी केले आणि ते महाराष्ट्राच्या शेतशिवारातच घडले.

जुन्नर वनविभागात २००१च्या सुमारास बिबट्यांच्या स्थलांतराची मोठी मोहीम हाती घेण्यात आली. वस्तीलगत पकडलेले २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. हेतू निर्मळ होता. डॉ. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते २००३ या काळातील हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निराळेच चित्र समोर आले. मोहिमेनंतर माणसांवरील हल्ले घटले नव्हते. ते ३२५ टक्क्यांनी वाढले होते, म्हणजे चौपटीहून अधिक झाले होते. त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले होते. जिथे बिबटे सोडले त्या जंगलांच्या आसपास आणि जिथून ते पकडले त्या परिसरातही हल्ले वाढले होते. एका गावाचे संकट दूर करताना ते दुसऱ्या गावाच्या दारी नेऊन ठेवले गेले, आणि पहिले गावही त्यातून सुटले नाही. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मग बिबट्याचे खरे घर कोणते? ‘जंगल’ हे उत्तर गृहीत न धरता डॉ. अत्रेय यांनी अकोले तालुक्यातील शेतीच्या पट्ट्यात सर्वेक्षण केले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात असा हा परिसर. तेथे ना दाट अरण्य, ना हरणांचे कळप. बिबट्यांच्या वाटांवर स्वयंचलित कॅमेरे बसवण्यात आले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. त्यावरून प्रत्येक जनावर ओळखता येते आणि तेच जनावर पुन्हा किती वेळा टिपले गेले, यावरून संख्येचा अंदाज बांधता येतो. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस या शेतांत वावरत असल्याचे निष्पन्न झाले. इतके असूनही तेथे माणसांवरील हल्ले विरळ होते. विष्ठेच्या तपासणीतून कळले की त्यांच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव वा वस्तीतील प्राण्यांचा होता आणि त्यात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने हाच धडा चालून दाखवला. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या नराला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तो तिथे थांबला नाही. रस्ते, रूळ, वस्त्या ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. या प्रवासात त्याने कोणालाही इजा केली नाही. नकाशावर माणसाने आखलेली रेषा त्याच्या लेखी नव्हतीच.

केंद्र सरकारने २०११ मध्ये बिबट्या-मानव संघर्षाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. केवळ दिसला म्हणून बिबट्या पकडून अन्यत्र सोडू नये, हा विचार त्यांत आला.

तथापि प्रश्न संपलेला नाही. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात आजही बिबट्याच्या हल्ल्यात माणसे जातात, लेकरे जातात. ज्या आईचे मूल अंगणातून गेले तिला आकडेवारी सांगणे ही निष्ठुरता ठरेल. तिच्या दुःखाचा मान राखायचा तर पुढचे मूल कसे वाचेल हेच विचारले पाहिजे. शेळ्यांना रात्री भक्कम बंदिस्त गोठा, अंगणात उजेड, तिन्हीसांजेला मुलांना एकटे न सोडणे, गावाभोवती साचणारा कचरा आणि त्यावर पोसली जाणारी भटकी कुत्री यांचा बंदोबस्त, जखमींना व पशुधन गमावणाऱ्यांना विनाविलंब साहाय्य, हे उपाय पिंजऱ्याइतके डोळ्यांत भरत नाहीत, पण जीव वाचवतात. माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त करावाच लागतो. मात्र त्यासाठी शिवारातील दिसेल तो बिबट्या उचलणे हा उपाय नव्हे.

याच सह्याद्रीच्या कुशीत आदिवासी बांधव वाघोबाला पुजतात आणि वाघबारस साजरी करतात. हिंस्र शेजाऱ्याचे भय त्यांनाही आहेच. पण भय बाळगूनही त्याचे अस्तित्व मान्य करण्याची समज त्या परंपरेत आहे. डॉ. अत्रेय यांच्या संशोधनाने त्या समजुतीला मोजमापाचा आधार दिला. जिवाविषयी कळवळा असणे ही पहिली पायरी. आपल्या कृतीने प्रत्यक्षात कोणाचे भले झाले आणि कोणाचे बुरे, हे प्रामाणिकपणे तपासणे ही दुसरी. दुसरी पायरी गाळली, तर पहिलीचे पुण्यही पदरात राहत नाही.