ठेवलेल्या, सोडलेल्या आणि परत बोलावलेल्या

बाईच्या बाबतीत ‘ठेवणे’ आणि ‘सोडणे’ ही दोन्ही क्रियापदं आपल्याकडे चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही. ‘ठेवलेली’ म्हटलं तरी मान खाली, ‘सोडलेली’ म्हटलं तरी मान खाली. त्यामुळं ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला प्रीमियर लीगच्या पाच संघांनी कुणाकुणाला ‘ठेवलं’ आणि कुणाला ‘सोडलं’ याच्या याद्या आल्या, तेव्हा आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी विचारलं, “अगं, चारच दिवसांपूर्वी जगज्जेत्या झाल्या ना ह्या? मग लगेच सोडलं कसं?”

प्रश्न अगदी रास्त होता. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुलींनी विश्वचषक घेतला. त्या अंतिम सामन्यात दीप्ती शर्मानं ५८ धावा केल्या, पाच बळी घेतले. साऱ्या स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच. आणि चार दिवसांनी तिच्या उत्तर प्रदेशच्या संघानं यादी दिली, त्यात एकच नाव होतं, श्वेता सेहरावतचं. दीप्ती नव्हती!

मी मुंबई इंडियन्सची. मराठवाड्यातल्या जळकोटला बसून मुंबईची कशी, असं विचारू नका. (हे जळकोट लातूर जिल्ह्यातलं, तुळजापूरकडचं नव्हे. दरवेळी सांगावं लागतं.) २०२३ ला लीग सुरू झाली तेव्हापासून रात्रीची भाकरी लवकर उरकून मी मोबाईलवर सामने बघते. घरात पुरुषांच्या आयपीएलवर बोलायला सगळे असतात, मुलींच्या सामन्यावर बोलायला मी आणि माझी पुतणी. २०२३ आणि २०२५ असे दोन करंडक मुंबईनं घेतले, दोन्ही वेळा दिल्लीला हरवून. तेव्हा या याद्यांचं मला काय वाटलं ते सांगायचा हक्क माझा आहे असं मी धरून चालते.

आधी हिशेब समजून घ्या. घर चालवणाऱ्या बाईला तो दोन मिनिटांत कळतो. प्रत्येक संघाकडे सगळे मिळून १५ कोटी रुपये. जास्तीत जास्त पाच जणी ठेवता येतात, त्यात परदेशी दोनच. पाच जणींचे दर ठरलेले : साडेतीन कोटी, अडीच, पावणेदोन, एक आणि शेवटी पन्नास लाख. पाचही ठेवल्या की सव्वानऊ कोटी गेले. उरलेल्या पावणेसहा कोटींत बाकीचा सगळा संघ उभा करायचा. कमी ठेवल्या तर हातात पैसे जास्त आणि वर एक सवलत. सोडलेली खेळाडू लिलावात गेली की दुसऱ्यानं लावलेल्या बोलीइतके पैसे देऊन ती परत घेता येते. आपल्याकडं जमीन विकायला निघाली की बांधशेजाऱ्याला आधी विचारतात, तसंच काहीसं.

उत्तर प्रदेशनं हाच डाव खेळला. दीप्तीला पहिल्या क्रमांकावर ठेवलं असतं तर साडेतीन कोटी लागले असते. त्यांनी सोडली. २७ नोव्हेंबरला दिल्लीत लिलाव झाला, तिच्यावर दिल्लीच्या संघानं पन्नास लाखांची पहिली बोली लावली आणि पुढं कुणी हातच वर केला नाही. साडेतीन आठवड्यांपूर्वी जग जिंकून दिलेली मुलगी, आणि पन्नास लाखांवर सौदा थांबलेला! मोंढ्यात आडत्यांनी आधीच ठरवून ढिगापुढं गप्प उभं राहावं तसं ते दृश्य मला वाटलं. ठरवून होतं असं मी म्हणत नाही, दिसत तसं होतं. उत्तर प्रदेशनं आपला हक्क सांगितल्यावर नियमानुसार दिल्लीला शेवटची बोली वाढवायची संधी मिळाली. दिल्लीनं एकदम तीन कोटी वीस लाख सांगितले. उत्तर प्रदेशनं तेवढे देऊन दीप्तीला परत घेतलं. म्हणजे एवढ्या उलाढालीत वाचले किती? तीस लाख. त्या तीस लाखांसाठी तिला तीन आठवडे ‘सोडलेली’ म्हणून राहावं लागलं. व्यवहार म्हणून चोख असेल. मला नाही आवडला.

आता माझ्या मुंबईकडं येते. मुंबईनं पाचही जागा भरल्या. इंग्लंडची नॅट सिव्हर-ब्रंट साडेतीन कोटी, हरमनप्रीत कौर अडीच, वेस्ट इंडिजची हेली मॅथ्यूज पावणेदोन, अमनजोत कौर एक आणि तमिळनाडूची शाळकरी वयाची जी. कमलिनी पन्नास लाख. नॅटबद्दल माझी तक्रार नाही. २०२५ च्या मोसमात तिनं ५२३ धावा केल्या, १२ बळी घेतले, तिला पहिला पाट मिळायलाच हवा. पण बघा, विश्वचषक उचलणारी कर्णधार, मुंबईला दोन करंडक देणारी कर्णधार, स्वतःच्या संघात दुसऱ्या पाटावर बसली. हरमननं काही कुरकुर केल्याचं वाचनात आलं नाही. पुरुषांच्या मुंबईतही असंच झालं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात यादी आली तेव्हा पाच करंडक जिंकून देणारा रोहित शर्मा १६ कोटी ३० लाखांवर, बुमरा, सूर्यकुमार आणि हार्दिकच्या खाली. तेव्हा मात्र गावोगावच्या पानटपरीवर चर्चा झाली. हरमनच्या अडीच कोटींवर आमच्या चौकात कुणी चकार शब्द काढला नाही. त्या यादीतला हा फरक मला जास्त बोचतो.

कमलिनीचा हिशेब तर आणखी गमतीचा. डिसेंबर २०२४ च्या लिलावात मुंबईनं तिला एक कोटी साठ लाखांना घेतलं होतं. ठेवताना, भारताकडून न खेळलेल्या मुलीचा दर पन्नास लाख म्हणून, पन्नास लाख. संघानं तुला पसंत केलं, ठेवलं, म्हणून तुझे एक कोटी दहा लाख कमी झाले! सुनेचं कौतुक करायचं आणि तिच्याच वाट्याचं ताट लहान करायचं, यातलाच प्रकार.

माझी खरी तक्रार न्यूझीलंडच्या अमेलिया करवरून आहे. ती गुणी आहे, २०२५ ला तिनं १८ बळी घेतले होते. परदेशी दोनच ठेवता येतात म्हणून तिला सोडावं लागलं, ते समजू शकते. पण लिलावात तिला परत आणायला मुंबईनं तीन कोटी मोजले. हातात होते पावणेसहा. राहिले पावणेतीन कोटी, आणि त्यात दहा जणी घ्यायच्या! सजना सजीवन ७५ लाख, शबनिम इस्माईल ६० लाख, सायका इशाक ३० लाख, आणि मग दहा-दहा, वीस-वीस लाखांच्या मुली. पगाराच्या दिवशीच पैठणी घेतली की महिनाअखेर पिठल्यावर काढावी लागते. यास्तिका भाटिया इतकी वर्षं मुंबईची सलामीवीर आणि यष्टिरक्षक. गुडघ्याच्या दुखापतीनं तिचा विश्वचषक हुकला होता, ती गुजरातनं पन्नास लाखांना नेली. २०२६ च्या मोसमात मुंबई साखळीतच बाहेर पडली. एवढ्या एका कारणानं पडली असं म्हणणं अन्यायाचं होईल, खेळात शंभर गोष्टी असतात. पण ताटात वरचे पाच पदार्थ झकास आणि बाकी सगळं पातळ, हे लिलावाच्या दिवशीच दिसत होतं.

करंडक नेला बंगळूरूनं, दिल्लीला हरवून. म्हणजे आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनानं. २०२३ च्या पहिल्या लिलावात मुंबईनं तिच्यासाठी बोली लावली होती, पण ३ कोटी ४० लाखांपर्यंत जाऊन बंगळूरूनं तिला नेलं. तेव्हापासून माझी ही दरवर्षीची अडचण : संघ मुंबईचा आणि जीव स्मृतीत. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज दिल्लीत. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करणारी हीच ती. कांदिवलीची राधा यादव दिल्लीनं सोडली, बंगळूरूनं ६५ लाखांना घेतली. लिलावाच्या आधी तीनच आठवडे महाराष्ट्र सरकारनं स्मृती, जेमिमा, राधा या तिघींना प्रत्येकी सव्वादोन कोटी जाहीर केले होते. सरकारच्या तराजूत तिघी सारख्या, बाजाराच्या तराजूत नाहीत. सरकारचा तराजू बरोबर असं मी म्हणणार नाही, पण भाजी विकून मुलीला वाढवणाऱ्या राधाच्या वडिलांना कुठल्या तराजूवर जास्त भरवसा वाटला असेल, याचा अंदाज मला आहे.

वरच्या पाच-दहा जणींचं काहीही होवो, त्यांचं निभेल. जीव अडकतो तो खालच्यांत. धारावीच्या सिमरन शेखची गोष्ट बघा. २०२३ ला उत्तर प्रदेशनं तिला दहा लाखांना घेतलं. पुढच्या वर्षी कुणीच घेतलं नाही. डिसेंबर २०२४ ला गुजरातनं तिच्यावर एक कोटी नव्वद लाख लावले, धारावीत पेढे वाटले गेले असतील. वर्षभरात गुजरातनं सोडलं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती परत उत्तर प्रदेशकडं, परत दहा लाखांवर. तीन वर्षांत दहा लाख, शून्य, एक कोटी नव्वद, दहा लाख. आपल्याकडं सोयाबीनचा भाव असा उड्या मारतो तेव्हा निदान मोर्चे तरी निघतात. अशा मुलीनं घराचं कर्ज काढावं का? भावाच्या शिक्षणाची जबाबदारी घ्यावी का?

उलटीही उदाहरणं आहेत, ती लपवून चालणार नाही. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे महाराष्ट्रात जागा मिळेना म्हणून नागालँडकडून खेळली, आणि २०२२ ला त्यांच्याकडूनच एका सामन्यात १६२ धावा काढून देशात नाव केलं. २०२५ च्या लिलावात उत्तर प्रदेशनं हक्क सांगून तिला ६० लाखांना परत घेतलं. गोव्याची शिखा पांडे छत्तिसाव्या वर्षी २ कोटी ४० लाखांना गेली. त्या वयात आपल्याकडं बाईला ‘आता तुझं झालं’ म्हणून सांगून मोकळे होतात. महाराष्ट्राकडून खेळलेली गौतमी नाईक बंगळूरूनं दहा लाखांत घेतली, आणि तिनं २०२६ च्या जानेवारीत गुजरातविरुद्ध ७३ धावा ठोकल्या. दहा लाखांची मुलगी म्हणजे दहा लाखांचाच खेळ, असं कुणी समजू नये.

आमच्या भागात खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या मुली क्रिकेटपेक्षा जास्त. त्यांना तर कुणी ठेवतही नाही नि सोडतही नाही. जानेवारी २०२५ ला खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. अल्टिमेट खो-खो म्हणून लीग २०२२ ला निघाली ती पुरुषांची. मुलींच्या कबड्डी संघानं ढाक्यात विश्वचषक घेतला तो २४ नोव्हेंबर २०२५ ला, म्हणजे क्रिकेटच्या लिलावाच्या तीन दिवस आधी. त्यांच्यासाठी असा बाजार भरला नाही. म्हणून लिलाव बंदच करा, बायकांची बोली लावणं शोभत नाही, असं जे सात्त्विक मत अधूनमधून ऐकू येतं, ते मला पटत नाही. शब्द कानाला खुपतो हे खरं. पण पैसा कुणाच्या हातात जातो ते बघायचं.

आणि तो किती जातो तेही बघायचं. १६ डिसेंबर २०२५ ला अबुधाबीत पुरुषांचा लिलाव झाला. कॅमेरून ग्रीन या एका गड्यावर कोलकात्यानं २५ कोटी २० लाख लावले. मुलींच्या एका अख्ख्या संघाला पंधरा कोटी! प्रेक्षक कमी, जाहिराती कमी, हे मला कळतं, लीगचं वयही लहान आहे. पण २०२३ ला सगळ्यात खालची बोली दहा लाखांची होती, २०२५ ला सुद्धा दहाच लाखांची. तीन वर्षांत तेलाचा डबा, मुलीच्या वसतिगृहाची फी, पुण्याला जायचं एसटीचं तिकीट, सगळं पुढं सरकलं, तळातला आकडा तेवढा जागेवर.

आमच्या तालुक्यात एक दहावीची मुलगी आहे, डावखुरी, चेंडू चांगला आत आणते. तिचे वडील ऊसतोडीला जातात. निवड चाचणीला पुण्याला पाठवा म्हणून मी त्यांच्या घरी तीनदा गेले. दादांचा प्रश्न एकच, “ताई, दरवर्षी पैसा येतो का यात, की एकदाच?” लीगवर बोट ठेवून मी त्यांना ‘दरवर्षी’ म्हणू शकत नाही. सिमरनचे आकडे मला पाठ आहेत. मी त्यांना दुसरा आकडा सांगितला. डिसेंबर २०२५ मध्ये क्रिकेट मंडळानं राज्याच्या वरिष्ठ महिला संघात खेळणाऱ्या मुलीचं एका दिवसाचं मानधन वीस हजारांवरून पन्नास हजार केलं. टीव्हीवर त्याची चर्चा लिलावाच्या शतांशही झाली नाही. दादांना मात्र तेवढंच नीट कळलं. ‘एका दिवसाचे?’ असं दोनदा विचारून घेतलं त्यांनी.

मंडळाकडं माझ्यासारखीचं मागणं एवढंच : दहा लाखांचा तळ वर उचला, आणि पहिल्यांदा घेतलेल्या मुलीला किमान दोन मोसम ठेवायची अट घाला. वर ज्यांना सोडायचंय त्यांना सोडा, परत घ्या, तुमचा खेळ तुम्ही खेळा. दादांनी अजून हो म्हटलेलं नाही. कारखान्याचा पट्टा पडला की ते गावी येतील, तेव्हा चौथ्यांदा जायचं आहे.