जप्तीविना जप्ती

साम्यवादी क्रांतीनंतर परकीय कंपन्यांचे काय होते, याचे एक ठराविक चित्र आपल्या मनात असते. रातोरात फाटक मोडते, तिजोरी फुटते, साहेब मागच्या दाराने बंदर गाठतो. हे चित्र सर्वस्वी खोटे नव्हे. ऑगस्ट १९६० मध्ये हवानाच्या स्टेडियममधील जाहीर सभेत अमेरिकी कंपन्यांची नावे वाचून दाखवून त्यांचे राष्ट्रीयीकरण घोषित झाले, तेव्हा क्रांतीने आपली नाट्याची हौस पुरेपूर भागवून घेतली.

शांघायमध्ये ब्रिटिश पेढ्यांच्या बाबतीत असे नाट्य घडले नाही, आणि म्हणूनच ते प्रकरण अधिक विचार करायला लावते. मे १९४९ मध्ये शहर साम्यवाद्यांच्या हाती गेले, तरी जार्डिन मॅथिसन, हाँगकाँग अँड शांघाय बँक यांसारख्या पेढ्या तिथेच थांबल्या. सत्ता कोणाचीही असो, तिला व्यापार लागतोच, हा त्यांचा हिशेब. नव्या सत्तेनेही काही हिसकावले नाही. तिने फक्त नियम लावले. कर भरा, पगार द्या, परवानगीशिवाय कोणालाही कामावरून काढू नका. तिकडे राष्ट्रवादी पक्षाच्या आरमाराने बंदराची नाकेबंदी केल्यामुळे जहाजे येईनात. उत्पन्न आटले, पगार मात्र चालूच. त्यासाठी बाहेरून पैसा मागवावा लागे. व्यवस्थापकाला देश सोडायचा तर परवाना हवा, आणि देणी थकलेली असताना तो मिळणे दुरापास्त. १९५२ मध्ये ब्रिटिश कंपन्यांनी स्वतःच निघून जाण्याची इच्छा कळवली. पुढे मालमत्ता आणि देणी एकत्रच सरकारी संस्थांच्या स्वाधीन होऊ लागली. बँकेची १९२३ साली उभी राहिलेली घुमटाची भव्य इमारत १९५५ मध्ये अशीच गेली.

भाषेच्या अभ्यासकाने इथे थबकावे. 'जप्ती' म्हटले की भरपाईचा प्रश्न उभा राहतो. 'हस्तांतरण' म्हटले की तो निम्मा विरतो, कारण कागदावर देणाऱ्याचीच सही असते. या व्यवहारातले क्रौर्य त्याच्या सभ्यपणात आहे, असे माझे मत आहे.

अर्थात या पेढ्यांसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. ससून घराण्याची पेढी मुंबईतून चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापारावर मोठी झाली. त्याच घराण्यातील व्हिक्टर ससून यांचे कॅथे हॉटेल १९२९ मध्ये शांघायच्या नदीकाठी उभे राहिले. पुण्यामुंबईत हे नाव आपण रुग्णालयामुळे आणि ग्रंथालयामुळे आदराने घेतो. चिनी माणसाच्या स्मरणात ते तसेच असावे, ही अपेक्षा अवाजवी ठरेल. शिवाय कंपन्यांना बाहेरचे जग होते, आणि निदान अमेरिकी दावेदारांना उशिरा का होईना काही मिळाले. १९७९ च्या करारानुसार चीनने त्यांच्यासाठी ८ कोटी ५ लाख डॉलर मान्य केले. मंजूर दाव्यांच्या मानाने डॉलरमागे सुमारे ४१ सेंट.

खरा प्रश्न मागे राहिलेल्यांचा आहे. 'शेल' ही तेलकंपनी १९६६ पर्यंत शांघायमध्ये टिकून होती. कंपनीच्या तिथल्या कार्यालयाचे प्रमुख असलेले पती १९५७ मध्ये वारल्यानंतर निएन चेंग यांनी त्याच कार्यालयात सल्लागार म्हणून काम केले. कंपनी गेली, निएन चेंग कुठे जाणार? त्याच वर्षी सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि परकीय कंपनीतली ही नोकरीच हेरगिरीचा पुरावा ठरली. साडेसहा वर्षे त्यांना एकांत कोठडीत ठेवले गेले. त्यांच्याकडून कबुलीजबाब हवा होता. त्यांनी तो दिला नाही. परकीय भांडवलाच्या ऱ्हासाचे ग्रंथ वाचताना मला खटकते ते हे, की त्यांत गोदामे, गिरण्या, जहाजे यांची मोजदाद काटेकोर असते आणि त्यांच्या कचेऱ्यांत बसणारी चिनी माणसे तळटीपेत जातात. निएन चेंग यांचे आत्मकथन याला अपवाद आहे, आणि ते साम्यवादविरोधी प्रचार म्हणून बाजूला सारणे आपल्याकडील काही मंडळींना सोयीचे वाटते. १९७३ मध्ये त्या सुटल्या, तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी हयात नव्हती. १९८० मध्ये त्यांनी चीन सोडला.