पिस्ता, दुधी आणि आरसी बुकातला हिरवा

गेल्या रविवारी सकाळी आमच्या सावेडीच्या घरासमोर तळहाताएवढ्या पत्र्यावरून चांगला तासभर वाद झाला. एका बाजूला माझा पुतण्या, दुसऱ्या बाजूला मी, आणि दोघांच्या मध्ये ड्रायव्हरच्या सीटवर, पाय दाराबाहेर सोडून बसलेले अण्णा. आईने दोनदा चहा दिला. दोन्ही वेळा तो गार झाला.

नातेवाईकांना गाडी सांगायची गरज नाही, इतरांसाठी सांगतो. प्रीमियर पद्मिनी, १९७८ चं मॉडेल, कुर्ल्याच्या कारखान्यातली. अण्णांनी ती १९८६ साली सेकंड हँड घेतली. पद्मिनी हे नाव कागदावर, घरात ती कायम 'फियाट'. शिंगणापूर, शिर्डी, भंडारदरा... आमच्या लहानपणाचा निम्मा जिल्हा तिच्या मागच्या सीटवरून पाहिलेला.

आता तिचा रंग. आई म्हणते पिस्ता. आत्या म्हणते छे, दुधी. आरसी बुकात नुसतंच 'ग्रीन'. आणि गंमत म्हणजे तिघंही बरोबर आहेत! बाहेरून गाडीला दोनदा रंग दिलाय, तो पिस्त्याकडे झुकतो. आतला डॅशबोर्ड पत्र्याचा, गाडीच्याच रंगाचा. त्याला आणि दाराच्या वरच्या कडेला मात्र कंपनीचाच मूळ रंग आहे, आणि नगरच्या उन्हात तो फिकट होत होत दुधी झालाय. अण्णा खिडकी उघडी ठेवून कोपर बाहेर काढून गाडी चालवायचे. त्या जागी तर रंग झिजून पत्राच दिसतो.

वादाचं मूळ डॅशबोर्डवरचे दोन ठिपके. एक अण्णांचा, एक माझा.

अण्णांचा ठिपका २०१५ चा. गंज दिसला म्हणून त्यांनी स्वतः घासून, प्रायमर लावून, डब्यात रंग कालवून ब्रशने लावला. आम्हा सगळ्यांना तो सरळ सरळ पिवळट दिसत होता. पण अण्णा इतके खूश होते की कोणी बोललं नाही. तीन वर्षांनी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, आणि ते इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. दोन रंगांत पिवळेपणाचा थोडा फरक असेल तर तो अशा डोळ्याला पकडताच येत नाही. पट्टी निघाल्यावर आठवड्याभराने अण्णा गाडीत बसले, ठिपक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

माझा ठिपका गेल्या दिवाळीचा. मी ठरवलं, डोळ्यांवर विसंबायचंच नाही, शास्त्रशुद्ध काम करायचं. दाराच्या रबरी बीडिंगखाली ऊन कधी पोचत नाही, तिथे मूळ रंग जसाच्या तसा असतो. तो दुकानातल्या यंत्राने मोजून घेतला, छोटा डबा बनवून आणला आणि लावला. डॅशबोर्डवर गडद तिकीट चिकटवल्यासारखं दिसायला लागलं! यंत्राची काहीच चूक नव्हती. त्याने १९७८ चा रंग बरोबर दिला. शेजारच्या पत्र्याचं वय मात्र पंचेचाळीसच्या वर गेलंय, हे मी विसरलो होतो.

तर पुतण्याचं म्हणणं असं : "काका, हे ठिगळ ठिगळ खेळ पुरे. डॅशबोर्ड पूर्ण खरवडू, लांबी भरू, स्प्रेने पीयू रंग मारू. २०२८ ला गाडी पन्नास वर्षांची होतेय, तोवर कशी शोरूममधून काढल्यासारखी दिसली पाहिजे."

पोरगा वेडा नाही. गंज पसरतो हे खरं, आणि एकसारखा रंग डोळ्यांना छान दिसतो हेही खरं. तरीही मला ते पटत नाही.

एक तर, रंग पूर्ण काढायचा म्हणजे मीटर काढा, काचेचं रबर काढा, क्लिपा काढा. इतक्या वर्षांचं रबर एकदा ओढलं की परत बसेल याची हमी नाही. ही गाडी बनायची थांबली त्याला पंचवीस वर्षं होत आली. मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. सुटे भाग मिळतात, पण दरवर्षी कमीच.

दुसरं, हे काम थांबत नाही. डॅशबोर्ड नवा केला की दाराच्या कडा जुनाट दिसणार, त्या केल्या की खांब. शेवटी सगळी गाडी नवी होईल, आणि कंपनीचा रंग बीडिंगखाली चार बोटं उरेल.

आणि पन्नास वर्षांचं म्हणाल, तर २०२१ च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमात चकाकी कुठेच मागितलेली नाही. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत, एवढंच.

पुतण्याने लगेच आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयाचं उदाहरण दिलं. "तिथे रणगाड्यांना रंग देतातच ना?" देतात, आणि दिलाच पाहिजे. ते लोखंड उन्हापावसात उभं असतं, तिथे रंग म्हणजे छत्री. म्हणून तर आपल्या गाडीला बाहेरून दोनदा रंग दिला, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. पण आत पाऊस पडत नाही. आतली उघडी पडलेली जागा तेवढी बंद केली की गंजाचं काम संपलं.

मग मी जरा भावनेच्या भरात म्हणालो, की माझा ठिपका काढू, पण अण्णांचा राहू दे, आठवण आहे.

अण्णा चिडलेच. "चूक ती चूक. ती कशाला जपायची? कंपनीचा रंग जपा. माझा पुसा."

यावर बोलायला काही उरलं नाही.

बुधवारी केडगावचे एक जुने पेंटर आले. त्यांनी आधी डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, थिनरचा बोळा फिरवून पाहिला. जुन्या रंगावर जहाल थिनरचा रंग मारला तर खालचा रंग विरघळतो नाहीतर सुरकुततो. मग ठिपक्यांच्या आसपास हलकं रबिंग केलं, कारण वर्षानुवर्षांचा हातांचा मळ निघाल्याशिवाय खरा रंग दिसतच नाही. मग डब्यात थेंबाथेंबाने काळा, पिवळा, पांढरा. पत्र्याच्या पट्टीवर लावून रात्रभर वाळू दिला, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग कधीच एक नसतो. सकाळी दार उघडून, ट्यूबलाइटमध्ये नव्हे तर दिवसाच्या उजेडात, ती पट्टी ठिपक्याशेजारी धरली. तीन पट्ट्या नापास. चौथी अण्णांनी पास केली. मग पातळ तीन हात, आणि शेवटी चमक मारायला बारीक वॉटर पेपर. रंग जुळला तरी चमक जास्त असली की ठिगळ दिसतंच.

दुपारच्या तिरप्या उन्हात शोधलं तर अजून सापडतं. पण शोधावं लागतं, आणि माझ्या मते टच-अपकडून एवढीच अपेक्षा करावी. जुन्या वस्तूला आतून रंग लावताना तिचं आजचं वय मान्य करावं, बिघडलं असेल तेवढंच झाकावं आणि बाकीच्याला हात लावू नये. आपल्या घरांमध्ये 'करायचंच तर सगळं एकदम करून टाकू' या उत्साहात पत्र्यापासून वाड्यांच्या दारांपर्यंत किती चांगलं जुनं खरवडलं गेलंय, आठवून पहा.

उरलेला रंग पेंटरने काचेच्या बाटलीत भरून दिला. "दहा वर्षांनी हा जुळणार नाही, साहेब," तेही बजावलं. डॅशबोर्ड आणखी फिका होणार, बाटलीतला तसाच राहणार. म्हणून पुतण्याने चिठ्ठीवर तारीख घातली आणि बाटली डिकीत ठेवली. हो, रागावला होता, पण चिठ्ठी त्यानेच लिहिली.

रंगाच्या नावाची जागा मात्र अजून रिकामी आहे. आई आणि आत्यांचं एकमत झालं की लिहू. असो.