रोटरी की स्लाइड? नायट्रो गाडीचा कार्बोरेटर गिऱ्हाईक बघून घ्या



मागच्या व्हिडिओत आपण रिमोटच्या गाड्या भाड्याने देण्याच्या धंद्याचा हिशेब मांडला होता. त्यात नायट्रो गाड्यांचा विषय मी दोन मिनिटांत उरकला, आणि ते चुकलंच. कारण ज्यांना खरंच यात पैसे घालायचेत, ते सगळे शेवटी एकाच प्रश्नापाशी अडतात: गाडी रोटरी कार्बोरेटरची घ्यायची की स्लाइड कार्बोरेटरची? विकणारा सांगतो, "स्लाइड घ्या, रेसवाले तीच वापरतात." खोटं नाही ते. पण तुम्ही रेस खेळायला निघालात की गल्ला भरायला? माझं मत सरळ आहे. भाड्याने द्यायच्या गाडीला रोटरी घ्या, आणि सगळ्या गाड्यांना एकाच मॉडेलची घ्या.

आता का, ते ऐका. त्याआधी नायट्रो इंजिनाची एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर पुढचं सगळं वाया. हे छोटं टू-स्ट्रोक इंजिन. मोठ्या, एक-अष्टमांश मापाच्या बग्गीला साधारण साडेतीन सीसीचं, लहान गाडीला दोन-अडीच सीसीचं. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. वंगण येतं ते इंधनातूनच. जुन्या चेतकच्या पेट्रोलमध्ये आपण टूटी ऑइल टाकायचो ना, तसंच. म्हणजे कार्बोरेटरची सुई तुम्ही आत घेतलीत, इंधन कमी केलंत, की तेलही कमी झालं. गाडी पाच मिनिटं अशी पळते की बघणारे टाळ्या वाजवतात. आणि मग पिस्टन-स्लीव्हची पकड जाते ती जातेच. इंजिन बदला.

म्हणून कार्बोरेटर निवडताना गाडी किती पळेल हे नंतर बघा. पहिला प्रश्न हा की ही सुई रोज कोण फिरवणार आहे?

दोन्ही प्रकारांतला फरक तसा साधा आहे. रोटरीमध्ये आतला नळीसारखा भाग, त्याला बॅरल म्हणतात, तो फिरतो आणि हवेचं तोंड उघडतं. स्लाइडमध्ये तोच भाग सरळ रेषेत बाहेर सरकतो, कपाटाचा खण ओढावा तसा. सरळ सरकत असल्यामुळे सर्वोचा हात जेवढा हलेल त्या प्रमाणात तोंड उघडतं. त्यामुळे अर्ध्या थ्रॉटलवर, वळणातून बाहेर पडताना, गाडी फार समजूतदारपणे वागते. रोटरीचं तसं नाही. ती मधल्या टप्प्यात जरा अचानक उसळी घेते. स्लाइडच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि मी तो नाकारत नाही.

पण तुमचं गिऱ्हाईक कोण? दहा मिनिटांसाठी पैसे भरून रिमोट हातात घेतलेला सातवी-आठवीतला मुलगा. किंवा त्याचे बाबा, जे मुलापेक्षा जास्त उत्साहात असतात! त्या बोटाला रिमोटच्या ट्रिगरच्या दोनच जागा माहीत असतात: पूर्ण दाबलेली आणि ब्रेक. अर्धा थ्रॉटल म्हणजे काय हे त्याला कळायच्या आत त्याची वेळ संपलेली असते. ज्या गुणाचे तुम्ही जादा पैसे मोजले, तो गुण गिऱ्हाइकाला जाणवतच नाही, मग तो त्याचे पैसे कशाला देईल?

आता माझीच फजिती सांगतो. ट्रेनिंग सुरू करण्याच्या आधी मी आणि माझा एक मित्र शनिवार-रविवार चार नायट्रो गाड्या घेऊन एका शाळेच्या मैदानावर बसायचो. दोन रोटरी, दोन स्लाइड. असं का, तर त्या दिवशी दुकानात जे स्वस्त मिळालं ते उचललं होतं. दुसरं काही कारण नाही. मैदान मुरमाचं, उन्हाळ्यात नुसता फुफाटा. स्लाइड कार्बोरेटरचा सरकणारा भाग जिथे बाहेर येतो तिथे धूळ आत जाऊ नये म्हणून रबराचं छोटं घड्यांचं टोपण असतं. एका गाडीचं ते टोपण फाटलेलं मी सकाळी बघितलं होतं. बघितलं, आणि म्हटलं संध्याकाळी बदलू.

दुपारी चारच्या सुमाराला धूळ आणि तेल मिळून आत जी पेस्ट झाली, तिच्यात स्लाइड अर्ध्यावर अडकली. या गाड्यांत थ्रॉटल आणि ब्रेक एकच सर्वो चालवतो. त्याने आधी कार्बोरेटर बंद करायचा आणि मग पुढे जाऊन ब्रेक लावायचा, असा क्रम असतो. कार्बोरेटरच अडकला तर सर्वो तिथेच घुटमळतो, ब्रेकपर्यंत पोहोचत नाही. साडेतीन किलोच्या आसपासची गाडी दोरीखालून बाहेर गेली आणि थेट बसायच्या खुर्च्यांत घुसली. एक आजी नातवाला पाणी द्यायला दोन मिनिटांपूर्वीच तिथून उठल्या होत्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय तुटला. गाडी उलटी पडून किंचाळत होती. मित्राने धावत जाऊन इंधनाची नळी चिमटीत दाबली तेव्हा ती थांबली. आतला कनेक्टिंग रॉड तोवर गेला होता.

संध्याकाळच्या सगळ्यांचे पैसे परत केले. शाळेने पुढच्या आठवड्यापासून मैदान दिलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

यात कार्बोरेटरचा दोष नव्हता, माझा होता. पण मुद्दा तोच आहे. भाड्याच्या धंद्यात संध्याकाळपर्यंत एक तरी गोष्ट "नंतर बघू" म्हणून राहते. गर्दी असते, सुट्टे नसतात, कुणाचं तरी पोरगं रडत असतं. रोटरीलाही साफसफाई लागते, परतीची स्प्रिंग दोन्हींना हवीच, रिसीव्हरचं फेलसेफ दोन्हींना हवंच. पण स्लाइडइतका धुळीत उघडा पडून आत-बाहेर सरकणारा भाग रोटरीत नाही. दुर्लक्ष सहन करणारी वस्तू धंद्यात ठेवावी, असं मी त्या दिवसापासून मानतो.

आता माणसाचा प्रश्न. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळपास गेलाच, फ्युएल इंजेक्शन आलं. त्यामुळे कार्बोरेटरवर हात बसलेला जुना मेकॅनिक आज तुमच्या गावात मिळू शकतो, आणि त्याला तुमचं काम करायला आवडेलही. जरूर घ्या त्याला. फक्त दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगा.

पहिली, या कार्बोरेटरला खाली वाटी नसते, फ्लोट नसतो. सायलेन्सरमधून एक नळी टाकीला जाते आणि त्या दाबाने इंधन पुढे ढकललं जातं. ती नळी सैल झाली की सगळं सेटिंग बिघडल्यासारखं वाटतं आणि माणूस उगाच सुया फिरवत बसतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या मेकॅनिकला आयुष्यभर गिऱ्हाइकांनी एकच सांगितलंय: "दादा, ॲव्हरेज वाढवून द्या." म्हणजे पेट्रोल कमी करा. त्याचा हात आपोआप सुई आत घेतो. फोर-स्ट्रोक मोटरसायकलला ते चालून जातं, तिथे ऑइल वेगळं असतं. इथे तोच हात इंजिन मारतो. त्याला सांगा, पूर्ण वेगात मागे निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे. धूर दिसेना झाला की गाडी बाहेर काढायची.

रोटरीची जोडणी या माणसाला एका दुपारीत कळते. मोठ्या वेगाची सुई, कमी वेगाची सुई आणि आयडलचा स्क्रू, बस. आधी मोठी सुई लावायची, मग छोटी, शेवटी आयडल, आणि एका वेळी एक-अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त नाही. आयडलवर इंधनाची नळी चिमटीत धरा. दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं तर छोटी सुई ठीक. लगेच मेलं तर इंधन कमी पडतंय, खूप वेळ चालत राहिलं तर जास्त होतंय. काही स्लाइड कार्बोरेटरना मधल्या टप्प्याची तिसरी सुईही असते. चार गाड्या, दोन प्रकार, तीन-तीन सुया, आणि मेकॅनिक सुट्टीवर. बघा विचार करून.

सगळ्या गाड्यांना एकच मॉडेल का, तेही यातच आलं. एकच ओ-रिंग, एकच सुई, एकच जादा कार्बोरेटर खोक्यात ठेवायचा. एक गाडी बिघडली तर चालत्या गाडीचा कार्बोरेटर लावून बघता येतं की दोष कार्बोरेटरमध्ये आहे की इंजिनात. दहा मिनिटांत निदान.

स्लाइडचा एक फायदा मात्र मला खटकतो, कारण तो आपल्या हिशेबात बसतो. बऱ्याच स्लाइड कार्बोरेटरमध्ये हवेच्या तोंडाची रिंग बदलता येते. लहान रिंग लावली की इंधन कमी पितात. स्पर्धेच्या बग्गीची टाकी १२५ सीसीची असते, त्यात थोडा वेळ जास्त मिळाला तर दिवसभरात ते पैसे दिसतात. पण मी वही काढून बसलो तेव्हा लक्षात आलं की माझं नुकसान इंधनात कमी आणि उभ्या राहिलेल्या गाडीत जास्त होतं. तुमची वही वेगळं सांगत असेल तर तुमच्या वहीचं ऐका.

आणि हो, तुमचा धंदा गाड्या भाड्याने देण्याचा नसून रेसवाल्यांच्या गाड्या दुरुस्त करण्याचा असेल, तर हे सगळं उलटं वाचा. तो माणूस अर्ध्या थ्रॉटलसाठीच पैसे मोजतो. तिथे स्लाइड शिकल्याशिवाय तुम्हाला कुणी विचारणार नाही.

मॉलमध्ये किंवा बंद हॉलमध्ये करायचं असेल तर नायट्रोचा विचारच सोडा, इलेक्ट्रिक घ्या. धूर आणि आवाज तिथे चालत नाही. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. इंधन तयार बाटलीतलंच घ्या, घरी मिसळायचं नाही, आणि पाण्याच्या बाटलीत तर एक थेंबही ओतून ठेवायचा नाही. मैदानावर तहानलेली मुलं असतात.

गाडी घ्यायला जाल तेव्हा रोटरीतही तीन गोष्टी बघून घ्या. कमी वेगाची सुई आहे का? काही अगदी स्वस्त कार्बोरेटरना ती नसते, ते नकोत. बॉडी कंपोझिटची आहे की धातूची? कंपोझिटची असेल तर इंजिनाची उष्णता वर कमी चढते, आपल्या मे महिन्यात ते बरं पडतं, फक्त बोल्ट जपून आवळा. आणि गाडी चालू करून दाखवायला सांगा. पूर्ण वेग देऊन सोडल्यावर आवाज लगेच खाली येतो का, की वरच लटकतो? लटकत असेल तर कार्बोरेटरच्या मानेपाशी, ओ-रिंगमधून, हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. विकणारा म्हणेल, "सुई फिरवली की होईल." त्यालाच फिरवून दाखवायला सांगा, तुमच्यासमोर, आणि तोवर पैसे खिशातच राहू द्या.