रुळांनी जात मोडली म्हणे!

परवा एका अभ्यासवर्गात एका कॉम्रेडनं मला मार्क्स ऐकवला. म्हणाला, मार्क्सनं १८५३ सालीच सांगून ठेवलंय, की हिंदुस्थानात आगगाडी आली की तिच्या मागनं कारखाने येतील, आणि पिढीजात कामाची जी वाटणी जातीचा पाया आहे ती विरघळून जाईल. तुम्ही मंडळी अजून जात जात करत बसलाय!

माझा आजा गँगमन. उभा जन्म खडीत गेला त्याचा. म्हटलं, ठीक आहे. रुळावरच बोलू.

मार्क्सनं न्यूयॉर्कच्या पेपरात हे लिहिलं त्याच साली, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. एकवीस तोफांची सलामी, चारशे पाहुणे. गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची. आपले म्हातारे म्हणायचे ती जी.आय.पी. नावात इंडियन, बाकी सगळं विलायती. १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यानं जन्मली, बोर्ड लंडनला बसायचं. तेव्हा दोस्तांनो, मार्क्सचा अंदाज तपासायचा तर याच कंपनीचा इतिहास चाळला पाहिजे.

कंपनीशी करार काय झाला? भागधारकांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. जमीन फुकट, ९९ वर्षांसाठी. धंदा चालो, बुडो, पाच टक्के हिंदुस्थानच्या तिजोरीतून. तिजोरी भरणार शेतसारा देणारा कुणबी, आणि त्याच्या बांधावर राबणारा आपला माणूस तर हिशोबातसुद्धा नाही. १८६७ साली गाडी वऱ्हाडातून नागपूरला पोचली. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. जात मोडायला म्हणून लंडनमध्ये कुणी शेअर घेतले नव्हते.

एक गोष्ट कबूल करतो. कंपनीनं डब्यात जातवार कप्पे पाडले नाहीत. ज्याच्याकडं पैसे त्याला तिकीट. सोवळ्यातल्यांनी नाकं मुरडली, पण काशीयात्रा स्वस्तात होते म्हटल्यावर चढले निमूट. पण गाडीतनं उतरल्यावर काय? बाबासाहेब लहानपणी भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले ते तुम्हाला पाठ आहे. ती लाईन जी.आय.पी.ची नव्हती, दुसऱ्या कंपनीची. पण स्टेशनमास्तर सगळीकडं एकच. पोरांचे कपडे बघून गोड बोलणारा मास्तर जात कळताच मागं सरला. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी पोरांनीच हाकली, गाडीवान पायी चालला. गाडीच्या डब्यात जी जात दिसली नाही ती प्लॅटफॉर्मवर उभीच होती.

आता बोरघाट. १८५६ ला काम सुरू, १८६३ ला घाट खुला. पंचवीस बोगदे. एका वेळी चाळीस हजारांवर माणूस त्या डोंगरावर होता. सुरुंग, दरडी, आणि पावसाळा आला की पटकी. माणसं हजारांनी मेली. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजूर उठले, गोऱ्या मुकादमांवर चालून गेले. ठेकेदार फॅविएलचा ठेका गेला. दुसरा आला ट्रेडवेल. तो आल्यावर थोड्याच दिवसांत मेला, तर त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, काम पुढं रेटलं. बाईचं कौतुक मलाही आहे. पण त्याच घाटात डोक्यावर घमेलं घेऊन ज्या बाया चढत होत्या, पोरं चढत होती, त्यांतल्या एकीचं तरी नाव सांगा. बोरीबंदरच्या भिंतीवर कंपनीच्या संचालकांचे मुखवटे दगडात कोरलेत. घुमटावर प्रगतीची बाई, हातात मशाल. मान वर करून करून दुखते, घमेलं कुठं दिसत नाही.

कॉम्रेड म्हणेल, हे भांडवलशाहीचं पाप, जातीचं कुठं? थांब बाबा, मनमाडला येतोय.

१९०० साली सरकारनं जी.आय.पी. विकत घेतली, १९२५ साली कारभारही हातात घेतला. मालक बदलला. मग १९३८ च्या फेब्रुवारीत, १२ आणि १३ तारखेला, मनमाडला जी.आय.पी.च्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. मार्क्सच्या लेखाला पंचाऐंशी वर्षं होत आलेली. आणि बाबासाहेबांनी काय मांडलं? आपला माणूस रेल्वेत लागतो तो गँगमन म्हणून, आणि गँगमन म्हणूनच संपतो. साधा पोर्टरसुद्धा होत नाही. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात. आपला माणूस मास्तरच्या माठाला हात कसा लावणार? वर्कशॉपात मेकॅनिक नाही, फोरमन तर सोडाच.

बघा म्हणजे. इंजिन विलायती, पगार सरकारी, वेळापत्रक मिनिटाचं. आणि कुणी वर चढायचं हे ठरवणार मास्तरच्या घरातला माठ! रुळांनी कामाची पिढीजात वाटणी विरघळवली नाही. तिला हजेरीपट दिला, बिल्ला दिला.

त्याच परिषदेत बाबासाहेबांनी कामगाराचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, समता नाकारणारी वृत्ती, आणि ती कुठल्याही जातीच्या कामगाराच्या डोक्यात असू शकते, हेही सांगितलं. आपल्यातले काही पहिला शत्रू तेवढा घोकतात, कॉम्रेड दुसरा तेवढा. मला दोघांशीही भांडायचंय.

१९५१ साली जी.आय.पी. मध्य रेल्वेत विरली. कंपनी गेली, नाव गेलं. रूळ आहेत.

हे सगळं मी कॉम्रेडला सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही कामगारांत फूट पाडता. १९३८ सालीही बाबासाहेबांवर हाच आरोप होता. पोर्टरची जागा आपल्या माणसाला का मिळत नव्हती, एवढं मात्र त्यानं सांगितलं नाही. वही मिटली, चहा मागवला.